प्लेस्टेशनवर वडिलांची ड्युटी

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

ऋतुराजच्या नव्या बंगल्यावर आज तीन एसी बसवले. दोन बेडरूमला, एक गेमच्या खोलीला. गेमला वेगळी खोली! आमच्या लहानपणी पडेगावला माणसांना वेगळी खोली नव्हती. भिंतभर टीव्ही, समोर दाताच्या डॉक्टरकडं असते तसली खुर्ची, आणि टीव्हीखाली कॉलर वर करून उभा असलेला पांढराशुभ्र प्लेस्टेशन. ऋतुराज म्हणाला, अबे राम्या, बस ना, एक रेस होऊन जाऊ दे. मी म्हणालो, हात खराब आहेत. हात स्वच्छ होते.

हेवा वगैरे नाही. बेचाळिशीतला माणूस, औरंगपुऱ्यात स्वतःचं दुकान, हाताखाली कारागीर. गिऱ्हाइकानं फोन नुसता एसीजवळ धरला तरी मी इथून सांगतो, फॅन मोटर गेली का कॉम्प्रेसर. असा कान अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. अशा माणसाला खेळण्याचा हेवा वाटत नसतो.

येताना पाना तिथंच राहिला. उद्या जावं लागेल.

२३ एप्रिल

पाना आणायला गेलो. एक तास लागला. ऋतुराज घरात नव्हता, त्याचा पोरगा खेळत होता. मी फक्त बघितलं. वळणावर चुकत होता. सांगितलं नाही.

२४ एप्रिल, सकाळ

झोप नीट लागली नाही. जुनं आठवत राहिलं. लिहून टाकलेलं बरं.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची गोष्ट. ऋतुराजच्या वडिलांनी, तात्यासाहेबांनी, पोराच्या शिक्षणासाठी पाचोडहून पडेगावला बिऱ्हाड केलेलं, आमच्या खोलीच्या समोरच. त्यांच्याकडं टीव्ही गेम आला. पिवळी कॅसेट, वर छापलेलं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. खरे सातच. पुढं तेच फिरून फिरून. पण आम्ही गल्लीतली पोरं नऊ हजारांच्या श्रद्धेनं दारात चपला काढून ओळीनं बसायचो. नियम एकच, मेला की रिमोट पुढच्याला. माझा नंबर आला की ऋतुराजची आई म्हणायची, चला रे, दिवेलागण झाली.

घरी हट्ट केला. वडील एसटीत ड्रायव्हर. म्हणाले, टीव्हीत गाडी चालवून कुणाचं पोट भरलंय? झोप. आणि पहाटे पाचोडची गाडी घेऊन गेले. मला जत्रेतला ब्रिक गेम मिळाला. त्याचा सेल संपला, तो नंतर कुणी आणला नाही.

आयटीआयला असताना टीव्ही सेंटर भागात एक गेम पार्लर होतं. मालकाचा कूलर मी दुरुस्त करून दिला, बदल्यात तासभर खेळायला मिळालं. मग तो कूलर बरोबर माझ्या सुट्टीच्या दिवशी बिघडायला लागला. मशीनला पण माणूस कळतो. माझ्या धंद्याची सुरुवात तिथली.

म्हणजे गेम ही माझ्या बाबतीत चैन नाही, भांडवल आहे. घेतला पाहिजे. अर्थात श्रेयासाठी. अकरा वर्षांच्या मुलीचं हाताचं आणि डोळ्याचं जुळून येणं फार महत्त्वाचं असतं, असं मी कुठंतरी वाचलंय. वाचलं नसेल तर ऐकलंय.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

साडेतीन मुहूर्तांतला एक. प्लेस्टेशन घेतला. खोका बघून बायकोचा, सुलेखाचा चेहरा उजळला. एवढं सोनं? असं तिच्या तोंडून निघून गेलं. नंतर जेवताना वाढण्यापुरतंच बोलली.

वडिलांनी नारळ मागितला. नवी गाडी आल्यावर करतात तशी पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवायची होती, चाकं कुठंत म्हणून विचारलं. श्रेया म्हणाली, आजोबा, चाकं आत आहेत, टीव्हीत. मग लिंबं टीव्हीखाली ठेवली आणि रिमोटला कुंकू लावलं. एक बटण चिकटतंय. चिकटू दे. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठून स्वतःहून काही करायला आले, हे पहिल्यांदाच. एरवी काही विचारा, व्हय किंवा नाय. तिसरा शब्द नाही.

उद्या सुट्टी. उद्या मी.

१ मे

सकाळी सात. पहिली गाडी मी घेतली. मालकाचा मान. इटलीबिटलीतलं कुठलंतरी शहर, मोकळं फिरायचं, रेस नाही. पहिल्याच वळणावर दुकानात घुसलो. श्रेया म्हणाली, बाबा, ब्रेक नावाचं पण एक बटण असतं.

नियम जाहीर केला, धडक झाली की रिमोट पुढच्याला. जुना, सिद्ध झालेला नियम. त्यामागं हिशोब होता. श्रेया नवशिकी, लवकर धडकणार. माझा नंबर सारखा सारखा येणार. श्रेया धडकली. रिमोट माझ्याकडं येणार, तेवढ्यात माझ्यातला सुसंस्कृत माणूस जागा झाला आणि मी म्हणालो, आधी आजोबांना दे, मोठ्यांचा मान.

हे वाक्य मी का बोललो?

वडिलांनी चष्मा पुसला. ब्रेक कोणता? हॉर्न कोणता? साईड दाखवायचं कुठंय? मग मान वळवून आरसा बघितला. टीव्हीत. गाडी काढली. चाळीसचा स्पीड. लाल सिग्नल लागला, उभे राहिले. त्या गेममध्ये सिग्नल शोभेला असतात, कुणी थांबत नाही. मागचे हॉर्न मारायला लागले. वडील टीव्हीला म्हणाले, दम धर की रे, कुठं आग लागलीय?

मी जेवलो. ते चालवत होते. दुकानातून कारागिराचा, बन्सीचा फोन आला, तीन ठिकाणचे एसी बंद. गेलो. संध्याकाळी आलो. ते चालवत होते. श्रेयाला विचारलं, मधे एकदा तरी धडक? म्हणाली, नाही ना!

मी विसरलोच होतो. एसटीनं त्यांना बिल्ला दिलाय. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा.

४ मे

चार दिवस झाले. मला रिमोट नाही.

दुसरा रिमोट आहे. तो श्रेयाच्या गळ्यात आहे. ती कंडक्टर झालीय आणि ते तिचं तिकिटाचं मशीन आहे. गाडी स्पोर्ट्स कार, लाल, दोन सीटची. तिच्यात हे दोघं पाचोडचे पॅसेंजर भरतात. टिंग टिंग. चला, झाल्टा फाटा, आडूळ, पाचोड! मावशी, टोपलं वर टाका! समुद्र आला की श्रेया ओरडते, जायकवाडी आलं, उतरणारे पुढं या! आणि वडील खरोखर गाडी कडेला घेतात, थांबतात, डबल बेलची वाट बघतात.

हसत होते. माझे वडील. दात दिसले.

चांगलंच आहे. मला आनंद आहे. फक्त टीव्हीचा पॅनल तापतो, हे त्या दोघांना कळायला हवं.

७ मे

कान तिखट असण्याचे तोटे असतात. मी आत दाढी करत होतो. बाहेर श्रेयानं विचारलं, आजोबा, बाबा लहानपणी तुमच्या गाडीत बसायचे का? वडील म्हणाले, नाय. त्याला गाडी लागायची.

साफ खोटं. मला एकदाच लागली होती. आणि ती गाडी नव्हती, कैरी होती. त्या एका कैरीवरून माणसानं पोराला पुन्हा गाडीत घेतलं नाही? मी दर शनिवारी स्टँडवर सोडायला जायचो, आणि गाडी निघाली की परत घरी. ऋतुराज त्याच गाडीनं पाचोडला जायचा, खिडकीतून हात करायचा. मी पण करायचो. मला वाटायचं, मी वडिलांना हात करतोय. ते समोर बघत असायचे.

दाढी करताना कापलं.

१० मे

नियमात दुरुस्ती. वेळेची मर्यादा, अर्धा तास. मग रिमोट पुढच्याला. सगळ्यांसमोर, जेवताना जाहीर केलं. वडील म्हणाले, बरोबर हाय. टाइमटेबल पायजेच.

संध्याकाळी अर्धा तास झाला. मी हात पुढं केला. श्रेया म्हणाली, बाबा, ही गाडी पाचोडला पोचली, आता पाचोडहून परत निघणार आहे. ही वेगळी फेरी. वडील म्हणाले, रिकामी गाडी रस्त्यात सोडून जाता येत नाय रे. डेपोत लावावी लागती.

डेपो कुठंय, विचारलं. डेपो शहराच्या दुसऱ्या टोकाला. चाळीसच्या स्पीडनं. मी सोफ्यावर मागं बसून बघत होतो. समोरून ट्रक आला, मी मनाशीच म्हणालो, मरा आता एकदाचे. मनाशी म्हणालो असं मला वाटलं. सुलेखा भाजी निवडायची थांबली आणि माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. वडिलांनी ट्रकला साईड दिली.

१४ मे

नवा निश्चय. सराव. कौशल्यानं मिळवीन.

दुपारी बन्सीला सांगितलं, साईट बघून येतो. उस्मानपुऱ्याजवळच्या एका गेमिंग कॅफेत गेलो. सगळी पोरं श्रेयापेक्षा थोडी मोठी. एक म्हणाला, काका, चार्जिंग पॉइंट तिकडंय. मी म्हणालो, खेळायला आलोय. त्यानं दुसऱ्याकडं बघितलं. त्यांचा एसी आवाज करत होता. ब्लोअर घाण झालेला, आल्या आल्या कळलं. खेळताना तो आवाज डोक्यात बसला, त्यामुळं हरलो. शेवटी स्टूल मागवलं आणि एसी उघडला. मालक खूश. पुढच्या वेळी फुकट खेळा म्हणाला.

परत तिथंच आलो म्हणायचं. फक्त कूलरच्या जागी एसी. याला प्रगती म्हणतात.

१८ मे, रविवार

ऋतुराज घरी आला. मीच बोलावलं. आपल्याकडं पण आहे, हे त्याला दिसावं, एवढाच साधा हेतू. सुलेखानं पोहे केले.

दारातून आत आला, वडिलांच्या हातात रिमोट बघितला आणि पोह्यांकडं न बघता सरळ पायरीचं छोटं स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला जाऊन बसला. म्हणाला, काका, माझी जागा. वडिलांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, बॉनेटवर पाय हलवायचे नाय. आणि दोघं हसायला लागले.

मला काही कळेना. मग ऋतुराज श्रेयाला सांगायला लागला. अगं, तुझे आजोबा मला दर शनिवारी आपल्या बाजूला इंजिनाच्या बॉनेटवर बसवायचे. हिवाळ्यात काय गरम वाटायचं! घाटासारखं वळण आलं की माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे. आणि आडूळला थांबलं की भजी. कागदात. निम्मी त्यांची, निम्मी माझी.

भजी!

तीस वर्षं मी या माणसाच्या कॅसेटवर जळलो, म्हणजे जळलो नाही, विचार केला, आणि त्या काळात हा दर शनिवारी माझ्या बापाच्या कागदातली भजी खात होता. वडिलांना विचारलं, मला का नाही कधी बसवलं? म्हणाले, तू स्टाफचा पोरगा. लोक म्हणले असते, डायव्हरनं घरचं पोरगं पुढं बसवलं, पाशिंजर उभे. आणि तुला लागायची.

कैरी होती, असं मी म्हणालो. जरा मोठ्यानं. सगळे बघायला लागले.

गेटपर्यंत सोडायला गेलो तेव्हा ऋतुराज म्हणाला, राम्या, तुला माहितीय का? मी लहानपणी तात्यांच्या लई मागं लागायचो, रामच्या वडलांसारखी मोठी गाडी चालवा म्हणून. रडायचो. शेवटी तात्या वैतागले आणि तो गेम आणून दिला. तुझं नशीब होतं यार.

एसीच्या सर्व्हिसिंगचा करार व्हायचाय. त्यात सूट मिळावी म्हणून बोलला असणार. दिली नाही.

२० मे

शांतपणे विचार केला. वडिलांना हवापालट हवी. वय झालं. दिवसभर स्क्रीनसमोर. डोळे, पाठ, सगळंच. पाचोडला गोजर आत्या एकटी असते. बहीण-भाऊ किती दिवसांत भेटले नाहीत. आठ-दहा दिवस राहून यावं. यात माझा काय फायदा? काहीच नाही.

आत्याला फोन केला, म्हणालो, तू त्यांना बोलव. आत्या म्हणाली, आरं त्याला कशाला धाडतोस? तो हितं आला की दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजतो. म्हणालो, मोजू दे ना, बोलव तू. आत्या म्हणाली, घरात भांडलास का? हा स्वभावच वाईट. चांगलं करायला गेलं की माणसं वास घेतात.

२१ मे

वडील गेले. स्टँडवर सोडलं. अर्ध्या तिकिटात बसले, ड्रायव्हरच्या बरोबर मागं. गाडी निघाली, मी हात केला. ते समोर बघत होते. ड्रायव्हर कसा काढतो, ते.

संध्याकाळी सहालाच घरी. एसीचा सीझन आहे, पण बन्सी बघेल. आज मी आणि श्रेया. शेवटी.

२२ मे

काल फार जमलं नाही. श्रेया मशीन गळ्यात घालून बसली, पण म्हणाली, बाबा, तुमच्या गाडीत कुणी चढतच नाही. मी म्हणालो, का? म्हणाली, तुम्ही थांबतच नाही. समजावून सांगितलं, बेटा, ही स्पोर्ट्स कार आहे, एसटी नाही. ही पळवायला असते. तिनं मशीन काढून टीपॉयवर ठेवलं. आदळलं नाही. ठेवलं.

आज रेस लावली. एकट्यानं. कॅफेतला सराव कामी आला. पहिला आलो! स्क्रीनवर फटाके, टाळ्या, कप, सगळं. मी हात वर करून मागं वळलो. सोफ्यावर कुणी नव्हतं. श्रेया गॅलरीत होती, आजोबांच्या खुर्चीत, पाय वर घेऊन.

सुलेखा आतून म्हणाली, पहिले आलात? कुणात?

२३ मे

घरात आवाज नाही. माझ्या कानाला आवाज नसलेला लगेच कळतो. चालू एसीत आवाज बंद झाला की समजायचं, काहीतरी गेलं. पण हे घराला लागू नाही. घर शांतच असावं.

गेम लावला नाही. पॅनल जरा थंड होऊ दे.

२४ मे, सकाळी

बेल वाजली. दारात वडील. हातात पिशवी, पिशवीत आत्यानं दिलेली गवार.

मला वाटलं, बरं नाही. घाबरून विचारलं, काय झालं? म्हणाले, काय नाय. श्रेयाचा फोन आलता. म्हणली, गाडी तीन दिवस डेपोत उभी हाय, पाशिंजर खोळंबल्यात.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा एक दिवस लवकर घरी या म्हणालो होतो. ड्युटी बदलून मिळत नाय म्हणाले. दुकानाच्या उद्घाटनाला नारळ फोडून लगेच निघाले, गाडीची वेळ झाली म्हणून. आणि टीव्हीतल्या पॅसेंजरसाठी माणूस पहिल्या गाडीनं आला.

गवार निवडायला सुलेखाला मदत केली. रागाच्या भरात देठं मोडायला बरं पडतं.

१ जून, रविवार

संघर्ष सोडला असं नाही. पद्धत बदलली. माणसानं यंत्रणेत शिरून तिचा अभ्यास करावा. म्हणून आज गाडीत बसलो. पॅसेंजर म्हणून. सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात.

श्रेया आली. कुठं? मी म्हणालो, शेवटच्या स्टॉपपर्यंत. म्हणाली, सुट्टे द्या. म्हणालो, घरातलाच माणूस आहे. म्हणाली, स्टाफच्या लोकांना फुकट नाही, नियम आहे. नियम कुणाकडून आला, ते विचारायची गरज पडली नाही. सुट्टे दिले.

गाडी निघाली. सकाळपासून तीन ठिकाणी गच्चीवर एसीचं आउटडोअर युनिट चढवलेलं, अंग दुखत होतं. चाळीसच्या स्पीडची एक लय असते. वळणं येतात, पण पोटात काही होत नाही. तो माणूस वळणाच्या आधीच वळायला लागतो. डोळे मिटले.

मग वडिलांचा आवाज आला, अगदी हळू. श्रेयाला म्हणत होते, बेल नको मारू आता. मागं पाशिंजर झोपलाय. आणि गाडी अजून हळू झाली. इंजिनाचा आवाज खाली गेला, मला बरोबर कळलं. खड्डा टाळल्याचं पण कळलं.

मी झोपलो नव्हतो. नुसता ऐकत होतो. शेवटचा स्टॉप कधी आला, कळलं नाही.

९ जून

पाऊस पडतोय, एसीचे फोन थांबले. आता वेळच वेळ. पण सकाळ-संध्याकाळ गाडी फुल्ल असते. खालच्या मजल्यावरच्या दोन मैत्रिणी श्रेयानं पॅसेंजर केल्यात. मला म्हणाली, बाबा, उभं राहावं लागेल. राहिलो. रांगेत राहण्याची मला लहानपणापासून सवय आहे.

पुढच्या सोमवारी शाळा उघडतीय. तोपर्यंत कळ काढायची. सुलेखा तर रोज बँकेत नोकरीला; मग दिवसभर दोनच माणसं घरात, आणि त्यातला एक मी.

१६ जून, सोमवार

श्रेया शाळेत गेली. सुलेखा बँकेत. बन्सीला सांगितलं, आज उशिरा येतो. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये आलो. का इस्त्रीचा, माहीत नाही.

वडील खुर्चीत होते, रिमोट मांडीवर, टीव्ही बंद. मला बघून रिमोट पुढं केला. म्हणाले, घे. कंडक्टर साळंत गेली. कंडक्टरशिवाय मला गाडी हलवता येत नाय.

असा. मागितला नाही, भांडलो नाही, मिळाला. वाट बघणाऱ्याला मिळतं, हे मी आयुष्यभर सांगत आलोय.

म्हणालो, तुम्ही बसा ना बाजूला. ते उठले आणि सोफ्यावर माझ्या डाव्या हाताला येऊन बसले. गाडी सुरू केली. बेचाळिसाव्या वर्षी मी गाडी चालवतोय आणि वडील शेजारी बसून बघतायत. माझी खरी गाडी आहे ना, तिच्यात ते मागं बसतात आणि झोपतात.

वाटलं, आज दाखवावं. सत्तर. नव्वद. एकशे वीस. वडिलांनी सोफ्याचा हात धरला. म्हणाले, ब्रेक. मी म्हणालो, आहे कंट्रोलमध्ये. म्हणाले, साईड दाखव. म्हणालो, या गेममध्ये लागत नाही. एका म्हातारीला, म्हणजे टीव्हीतल्या, अगदी घासून गेलो. वडिलांनी मागं वळून बघितलं. पुढं समुद्र आला. मी म्हणालो, बघा, जायकवाडी. ते म्हणाले, थांबव.

का?

मला हितंच उतरव.

म्हणालो, बाबा, इथं स्टॉप नाही. म्हणाले, नाय, मी जातो पायी.

हसलो. त्यांच्याकडं बघितलं. ते हसत नव्हते. गाडी कडेला घेतली, थांबवली. पूर्ण थांबेपर्यंत ते बसून राहिले. मग उठले, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिन्यानं खाली गेले.

गॅलरीत जाऊन बघितलं. गेटबाहेर कोपऱ्यावर उभे होते, मागं हात बांधून, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षा बघत. वरून विचारलं, चहा टाकू का?

मान वर केली. म्हणाले, टाक. आधी गाडी बंद कर.

बंद केली.